माकुलाचे एक वर्ष

पालघर जिल्ह्यातल्या सफाळ्याच्या बाजारात बोंबील, मांदेली आणि कोलंबीच्या पाट्यांशेजारी माकूलही मांडलेला असतो. केळवे, एडवण, दातिवरे, कोरे या किनाऱ्यांवर वाढलेल्या माणसाला तो नवा नाही. कुणी त्याचे सुके करतो, कुणी कोलंबी भरून तळतो. पण माकूल हा मासा नाही. त्याच्या अंगावर खवले नाहीत, आत पाठीचा कणा नाही. तिसऱ्या, कालवे आणि गोगलगाय ज्या मृदुकाय प्राण्यांच्या गटात येतात, त्याच गटातला हा जीव आहे. फरक एवढाच, की या कुळाने कोट्यवधी वर्षांपूर्वी बाहेरचे कवच टाकून दिले आणि संरक्षणाऐवजी वेग निवडला.

ही निवड त्याला महागात पडली. वेगाने जगणारा हा प्राणी साधारण एक वर्षच जगतो. तेवढ्यात जन्म, वाढ, शिकार, वीण आणि मरण सगळे आटोपते. त्याच्या शरीरातला जवळजवळ प्रत्येक अवयव या घाईसाठी घडलेला आहे. हे शरीर कसे चालते ते समजून घेतले, तर माकूल समुद्रातून किती आणि कसा काढावा, या प्रश्नाचे उत्तरही त्यातच सापडते.

किनाऱ्याचा माकूल आणि मोठ्या समुद्राचा माकूल

आपल्याकडे बोलताना दोन वेगळ्या प्राण्यांना माकूल म्हटले जाते. एकाचे अंग रुंद आणि पसरट असते आणि पाठीत पांढरे, ठिसूळ, चुनखडीचे कवच असते. हेच कवच केळव्याच्या वाळूत समुद्रफेस म्हणून सापडते. दुसरा लांब, नळीच्या आकाराचा असतो आणि त्याच्या शेपटीकडे दोन त्रिकोणी पर असतात. इंग्रजीत ज्याला स्क्विड म्हणतात तो हा दुसरा, आणि हा लेख त्याच्याविषयी आहे.

बाजारात येणारा नळीचा माकूल बहुतेक वेळा भारतीय स्क्विड असतो. त्याचे शास्त्रीय नाव यूरोट्युथिस ड्युव्हाउसेली. डोके सोडून त्याची नळी बहुधा 10 ते 20 सेंटिमीटर भरते, काही नर याहून बरेच मोठे होतात. तो भूखंडमंचावर, म्हणजे किनाऱ्यालगतच्या उथळ समुद्रात राहतो आणि मुख्यतः ट्रॉलरच्या जाळ्यात सापडतो.

पालघर जिल्ह्यासमोरचा भूखंडमंच फार रुंद आहे. सफाळ्याजवळच्या तांदूळवाडी किल्ल्याची उंची सुमारे 450 मीटर आहे. स्वच्छ हवेत तिथून क्षितिजापर्यंतचा समुद्र पाहिला, तर नजर साधारण 75 किलोमीटरवर पोहोचते. मुंबईच्या आसपास भूखंडमंच मात्र सुमारे 300 किलोमीटरपर्यंत जातो. म्हणजे किल्ल्यावरून दिसणारा सगळा समुद्र हा उथळ समुद्र आहे. त्याच्या कितीतरी पलीकडे तळ एकदम खाली उतरतो, पाणी निळे होते आणि खोली हजारो मीटरवर जाते. खरा खुला समुद्र तिथून सुरू होतो.

तिथे राहतो तो जांभळ्या पाठीचा उडता माकूल, शास्त्रीय नाव स्थेनोट्युथिस ओअलानिएन्सिस. हिंदी आणि प्रशांत महासागराच्या उष्ण पट्ट्यात तो सगळीकडे आहे, पण त्याचा सर्वांत मोठा प्रकार अरबी समुद्रात आढळतो. या प्रकारातल्या मादीची नळी 65 सेंटिमीटरपर्यंत वाढते. बाजारातल्या माकुलाशेजारी ठेवली तर तिच्यापुढे तो पिल्लू वाटेल. भारतीय माकुलात नर मोठे असतात, या उडत्या माकुलात मादी मोठी असते.

भारतात या प्राण्यांचा अभ्यास प्रामुख्याने कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने केला आहे. ही संस्था 1947 साली स्थापन झाली. डॉ. ई. जी. सिलास यांच्या संपादनाखाली 1980च्या दशकात तिने भारतीय समुद्रातल्या माकूल-वर्गावर एक विस्तृत ग्रंथ प्रसिद्ध केला. पुढे अरबी समुद्रातल्या खोल पाण्यातल्या माकुलांच्या वापरावर तिने स्वतंत्र प्रकल्पही राबवला.

पाटावर उघडलेला माकूल

शरीररचना समजून घ्यायला प्रयोगशाळेची गरज नाही, स्वयंपाकघरातला पाट पुरतो. ताजा माकूल घेऊन त्याची नळी पोटाकडून उभी कापावी आणि दोन्ही कडा बाजूला कराव्यात.

पहिली गोष्ट डोळ्यांत भरते ती म्हणजे लाल रक्त कुठेच दिसत नाही. आपल्या रक्तात प्राणवायू वाहून नेणाऱ्या द्रव्यात लोह असते, माकुलाच्या रक्तात तांबे असते. त्या द्रव्याला हिमोसायनिन म्हणतात. प्राणवायू असताना ते फिकट निळे दिसते, नसताना जवळजवळ रंगहीन. प्राणवायू वाहण्याची त्याची क्षमता आपल्या हिमोग्लोबिनपेक्षा कमी आहे. ही उणीव भरून काढायला माकुलाला तीन हृदये लागतात. दोन्ही बाजूंना पिसाऱ्यासारखा एकेक कल्ला दिसतो. प्रत्येक कल्ल्याच्या बुडाशी एक छोटे हृदय असते, ते फक्त कल्ल्यातून रक्त ढकलते. मधले तिसरे हृदय प्राणवायू मिळालेले रक्त सगळ्या अंगाला पुरवते.

त्यानंतर दिसते चंदेरी-काळसर शाईची पिशवी. ती सांभाळून काढावी लागते, फुटली की सगळे काळे होते. पाठीच्या बाजूने बोट फिरवले तर एक पातळ, पारदर्शक, लवचिक पट्टी हाताला लागते. टाकून दिलेल्या कवचाचा उरलेला अवशेष तो हाच. कायटिनची ही पट्टी नळीला ताठ ठेवते.

डोक्याकडे आठ आखूड हात आणि दोन लांब शुंडा असतात. हातांवरच्या चोषकांना कडेने बारीक दातेरी कडे असते, म्हणून पकडलेले भक्ष्य निसटत नाही. शुंडा एरवी आवळून घेतलेल्या असतात, भक्ष्य टप्प्यात आले की क्षणात बाहेर झेपावतात. हातांच्या मध्यभागी दाबले तर काळी, कडक, वाकडी चोच बाहेर येते. तिचे टोक फार कठीण असते, पण बूड मऊ होत होत स्नायूंत मिसळते. चोच कठीणच राहिली असती, तर चावताना तिने स्वतःचेच मांस फाडले असते.

अन्ननलिका चोचीपासून पोटाकडे जाताना थेट मेंदूच्या मधून जाते. मेंदू मेदूवड्यासारखा आहे आणि घास त्याच्या भोकातून उतरतो. म्हणून माकुलाला मोठा तुकडा गिळता येत नाही. चोचीने आणि जिभेवरच्या दातेरी पट्टीने तो अन्नाचे बारीक तुकडे करतो, मगच गिळतो.

पळण्याचे यंत्र

नळीची भिंत म्हणजे प्रावार. आपण खातो ते मुख्यतः हेच. तिच्यात दोन प्रकारचे स्नायू असतात. एक प्रकार नळीभोवती गोल गोल जातो, दुसरा भिंतीच्या जाडीतून आरपार जातो. आरपार जाणारे स्नायू आवळले की भिंत पातळ होते, नळी फुगते आणि मानेजवळच्या फटीतून पाणी आत येते. मग गोल स्नायू आवळतात, मानेची फट बंद होते आणि सगळे पाणी डोक्याखालच्या नरसाळ्यातून जोराने बाहेर फेकले जाते. पाणी एका दिशेला गेले की माकूल उलट दिशेला जातो. नरसाळे वळवता येत असल्याने दिशाही त्याच्या हातात असते.

हेच पाणी कल्ल्यांवरूनही जाते. माकुलाचे श्वास घेणे आणि पोहणे ही एकाच पंपाची दोन कामे आहेत. म्हणून गोल स्नायूंचेही दोन भाग आहेत. आतला आणि बाहेरचा पातळ थर संथ श्वासासाठी आणि सावकाश पोहण्यासाठी सतत चालतो. मधला जाड थर फक्त जीव वाचवायच्या झेपेसाठी राखलेला असतो.

या झेपेची आज्ञा उशिरा पोहोचून चालत नाही. नळी उघडल्यावर आतल्या बाजूला, मानेजवळ, पट्टीच्या दोन्ही अंगांना ताऱ्याच्या आकाराची एकेक गाठ दिसते. तिथून प्रावाराकडे मज्जातंतू पसरतात. काही जातींत त्यांतला जाड तंतू जवळपास 1 मिलिमीटर रुंद असतो. माणसाच्या सर्वांत जाड तंतूंची रुंदी मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढी असते. तंतू जाड असला की त्यातून संदेश जलद जातो. इथे निसर्गाने आणखी एक काळजी घेतली आहे. शेपटीकडे जाणारा तंतू लांब असतो, म्हणून तो जास्त जाड असतो. मानेजवळचा आखूड असतो, म्हणून तो बारीक असतो. परिणामी आज्ञा नळीच्या दोन्ही टोकांना जवळजवळ एकाच क्षणी पोहोचते आणि सगळी नळी एकदम आवळते. ती मागेपुढे आवळली असती तर झेप अर्धवट राहिली असती.

या जाड तंतूने माणसाच्या विज्ञानालाही मोठी मदत केली. ब्रिटिश शास्त्रज्ञ जे. झेड. यंग यांनी 1936 साली त्याकडे लक्ष वेधले. पुढे ॲलन हॉजकिन आणि अँड्र्यू हक्सली यांनी माकुलाच्या तंतूत बारीक विद्युतवाहिनी घालून मज्जातंतूतला संदेश नेमका कसा पुढे सरकतो ते मोजले. सोडियम आणि पोटॅशियमच्या कणांच्या ये-जा करण्याने हा संदेश चालतो, हे त्यांनी 1952 साली मांडले. 1963 साली त्यांना जॉन एकल्स यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या मेंदूतले विचार ज्या रीतीने चालतात, ती रीत प्रथम माकुलाच्या तंतूत उलगडली.

उडता माकूल हेच यंत्र पाण्याबाहेरही वापरतो. शिकारी मागे लागला की काही खोल पाण्यातले माकूल पृष्ठभाग फोडून हवेत झेप घेतात, पर आणि हात पसरून तरंगतात आणि हवेतही पाण्याचा झोत सोडत राहतात. जपानच्या होक्काइदो विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी 2011 साली प्रशांत महासागरात अशा झेपा छायाचित्रांत टिपल्या. त्यांच्या हिशेबाप्रमाणे वेग सेकंदाला 11 मीटरच्या आसपास होता आणि एका झेपेत माकूल 30 मीटरपर्यंत जाऊ शकत होते.

कातडी, डोळे आणि शाई

ताज्या माकुलाच्या कातडीवर तपकिरी-जांभळे ठिपके स्पष्ट दिसतात. प्रत्येक ठिपका म्हणजे रंगाची एक सूक्ष्म, लवचिक पिशवी. तिच्याभोवती बारीक स्नायू असतात आणि ते थेट मेंदूच्या आज्ञेवर चालतात. स्नायू ओढले की पिशवी पसरते आणि रंग दिसतो, सैल सोडले की ती आक्रसते आणि कातडी फिकट होते. सरड्याला रंग बदलायला वेळ लागतो, माकुलाला सेकंदाचा एखादा भाग पुरतो. मेल्यावर हळूहळू या पिशव्या फुटतात आणि रंग मांसात उतरतो. म्हणून गुलाबीसर झालेला माकूल शिळा समजावा. पांढरे मांस, स्वच्छ ठिपके आणि चकचकीत डोळा ही ताजेपणाची खूण आहे.

हा डोळा रचनेने आपल्या डोळ्यासारखाच आहे, पण तो पूर्णपणे वेगळ्या वाटेने घडला. आपल्या डोळ्यात मज्जातंतू पडद्याच्या पुढून येतात आणि एका ठिकाणाहून बाहेर पडतात, त्यामुळे तिथे आंधळा बिंदू राहतो. माकुलाच्या डोळ्यात तंतू पडद्याच्या मागून निघतात, आंधळा बिंदू नसतो. दृष्टी नेमकी करायला आपण भिंगाचा आकार बदलतो, माकूल भिंग पुढेमागे सरकवतो. खोल समुद्रातल्या महाकाय माकुलाचा डोळा सुमारे 27 सेंटिमीटर रुंद असतो. आणि इतके पाहूनही बहुतेक माकुलांना रंग दिसत नाहीत.

शाई ही शेवटची युक्ती. कधी तिचा पसरट ढग शत्रूला आंधळे करतो. कधी चिकट द्रव्य मिसळलेली शाई माकुलाएवढ्या आकारातच पाण्यात टिकून राहते. शत्रू त्या काळ्या आकारावर झडप घालतो, तोवर माकूल अंग फिकट करून निसटलेला असतो.

मोठ्या समुद्रातला दिवस आणि रात्र

उडता माकूल रात्री पृष्ठभागाजवळ येतो. पृष्ठभागाजवळ वनस्पतींसारखे सूक्ष्म जीव असतात, ते खायला लहान प्राणी वर येतात आणि त्यांच्यामागे कंदीलमासे येतात. माकूल या कंदीलमाशांवर तुटून पडतो आणि वेळ आली तर आपल्याच जातीच्या लहानग्यांनाही खातो. त्याच्या पाठीच्या पुढच्या भागात प्रकाश देणारा अंडाकृती पट्टा असतो, त्यातून अंधारात तो उजळतो. उजाडू लागले की तो शेकडो मीटर खाली उतरतो.

रोजची ही वर-खाली ये-जा सगळ्याच महासागरांत असंख्य प्राणी करतात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जहाजांवरच्या सोनार यंत्रांना खोल पाण्यात दिवसा एक तळ दिसे आणि रात्री तो वर सरके. तो तळ नव्हता, प्राण्यांचा जाड थर होता.

अरबी समुद्रात खाली उतरणे सोपे नाही. साधारण 150-200 मीटरपासून 1,000 मीटरपर्यंतच्या पाण्यात प्राणवायू अत्यंत कमी आहे. जगातल्या सर्वांत तीव्र अशा प्राणवायूटंचाईच्या पट्ट्यांपैकी हा एक आहे. कुपा, म्हणजे टूना, इथे फार वेळ टिकत नाही. म्हणून माकुलाला दिवसा हा आसरा मिळतो. पण ज्याचे रक्त आधीच कमी प्राणवायू वाहते, त्याने तिथे राहावे कसे? पूर्व प्रशांत महासागरातल्या हम्बोल्ट माकुलावरच्या अभ्यासातून याचे उत्तर मिळाले आहे. तो अशा पाण्यात शरीराचे सगळे व्यवहार मंद करतो, प्राणवायूचा खर्च सुमारे 80 टक्क्यांनी कमी करतो आणि रात्री वर येऊन तूट भरून काढतो.

तरीही त्याला शत्रू पुष्कळ. कुपा, तलवारमासा, डॉल्फिन आणि समुद्रपक्षी त्याच्यावर जगतात. स्पर्म व्हेल हा देवमासा खोल बुडी मारून माकूल धरतो. त्याच्या पोटात न पचलेल्या चोची हजारोंनी सापडतात आणि त्या चोचींवरून शास्त्रज्ञ कोणत्या समुद्रात कोणते माकूल आहेत ते ओळखतात. समुद्रातल्या जिवंत महाकाय माकुलाचे पहिले छायाचित्र मात्र जपानच्या त्सुनेमी कुबोडेरा आणि क्योइची मोरी यांना मिळाले ते 2004 साली.

जन्म आणि शेवट

माकुलाच्या डोक्यात तोल सांभाळणारे चुन्याचे दोन सूक्ष्म खडे असतात. त्यांवर रोज एक वलय चढते. खडा घासून सूक्ष्मदर्शकाखाली वलये मोजली की वय दिवसांत कळते. अशा मोजणीतून माकुलाचे आयुष्य किती लहान आहे ते समजले. खोल पाण्यातला मोठा माकूल जन्मतो तेव्हा एका मिलिमीटरच्या आसपास असतो आणि साधारण वर्षभरात अर्ध्या मीटरच्या पुढे जातो.

वीण होताना नर आपल्या बीजाच्या नळ्या खास बदललेल्या हाताने मादीला देतो. भारतीय माकुलात हा हात डावीकडचा, पोटाच्या बाजूचा असतो. मादी बोटाच्या आकाराच्या जेलीच्या पिशव्यांत अंडी घालते आणि त्या तळाला, दगडाला किंवा दोराला चिकटवते. खोल पाण्यातल्या उडत्या माकुलाला चिकटवायला काही नसते, म्हणून त्याची लाखो अंडी जेलीच्या मोठ्या गोळ्यात पाण्यातच तरंगत राहतात. वीण संपली की आईबाप मरतात. पिल्लांना सांभाळायला कुणी उरत नाही.

आता आपले काम

घोळ किंवा पापलेटसारखा मासा अनेक वर्षे जगतो. एखादे वर्ष वाईट गेले तरी मागच्या वर्षांचे मोठे मासे पुढच्या हंगामात अंडी घालतात. माकुलाकडे ही शिल्लक नसते. या वर्षी समुद्रात असलेला जवळजवळ प्रत्येक माकूल गेल्या वर्षीच्या अंड्यांतून आलेला आहे आणि पुढच्या वर्षीचा माकूल यांच्याच अंड्यांवर अवलंबून आहे. तो झपाट्याने वाढतो, म्हणून एक चांगले वर्ष त्याला सावरते. त्याच कारणाने, अंडी घालण्याआधीच फार पकडला गेला तर तो झपाट्याने कमीही होतो.

म्हणून काही नियम महत्त्वाचे आहेत. पावसाळ्यातली जून-जुलैची मासेमारीबंदी समुद्राला श्वास घ्यायला वेळ देते. रात्री एलईडी दिवे लावून मासेमारी केली की प्रकाशाकडे लहानमोठे सगळेच येतात, माकूल तर हमखास. केंद्र सरकारने नोव्हेंबर 2017 मध्ये देशाच्या सागरी हद्दीत अशा दिव्यांवर बंदी घातली. 2023 साली महाराष्ट्राने 54 प्रजातींसाठी पकडण्याचा किमान आकार ठरवला. आपल्या हद्दीपलीकडच्या खुल्या समुद्रात मात्र परिस्थिती वेगळी आहे. हिंदी महासागराचा टूना आयोग कुप्याचे नियमन करतो, माकूल त्याच्या कक्षेत येत नाही. वायव्य हिंदी महासागरात 2015 नंतरच्या काही वर्षांत परदेशी माकूल-जहाजांची संख्या कित्येक पटींनी वाढली आहे. ज्या पाण्यातला मोठा माकूल जगात दुसरीकडे नाही, त्या पाण्यासाठी किनाऱ्यावरच्या देशांनी एकत्र बसून नियम करायला हवेत.

पण पुष्कळसे आपल्या हातातही आहे. बाजारात बोटभर माकुलांचा वाटा स्वस्त मिळाला तरी तो घेऊ नये, मोठे माकूल मागावेत. मागणी बदलली की जाळ्याचा आस, म्हणजे छिद्रांचा आकारही बदलतो. जाळ्याला किंवा दोराला चिकटून आलेल्या अंड्यांच्या पिशव्या धक्क्यावर वाळू न देता लगेच समुद्रात सोडाव्यात. आणि घरी आणलेला मोठा माकूल मोठ्या आचेवर दोन-तीन मिनिटेच परतावा, नाहीतर सरळ पाऊणएक तास मंद शिजवावा. मधल्या वेळेत त्याच्या भिंतीतले धागे आवळून तो चामट होतो. ज्या जिवाने अख्खे आयुष्य एका वर्षात पुरे केले, तो ताटात आला तर वाया जाऊ नये, आणि त्याची अंडी समुद्रात राहावीत, एवढे आपण नक्की पाहू शकतो.